माया बे: किनारा बंद का झाला आणि उघडताना काय बदललं

थायलंडमधल्या फी फी ले या वस्ती नसलेल्या बेटावर माया बे हा जेमतेम अडीचशे मीटरचा किनारा आहे. तिन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे आणि मध्ये उथळ पाणी. हा भाग १९८३ पासून राष्ट्रीय उद्यानात येतो. १९९९ मध्ये 'द बीच' चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं. त्यासाठी वाळूचे उंचवटे सपाट केले, मूळची झुडपं काढून नारळाची झाडं लावली. वाळू धरून ठेवणारी मुळंच गेल्याने किनाऱ्याची धूप झाली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं.

चित्रपट २००० साली आला आणि गर्दी सुरू झाली. किनारा बंद होण्याआधी गर्दीच्या दिवसांत पाच हजारांपर्यंत माणसं आणि सुमारे दोनशे बोटी इथे येत. फुकेत आणि क्राबीहून निघणाऱ्या दिवसभराच्या सहलींच्या वेळा जवळपास सारख्याच, त्यामुळे सगळे त्याच दोन-चार तासांत येऊन धडकत. निवांत किनारा बघायला आलेल्याला वाळूला टेकलेल्या स्पीडबोटींची रांग दिसे. पर्यटकाचा हिरमोड आणि खाडीतल्या प्रवाळाचं मरण या दोन्हींचं मूळ एकच होतं.

प्रवाळाचं नुकसान कसं होतं, तेही बघायला हवं. नांगर पडला की फांद्या तुटतात, हे उघड आहे. पण उथळ पाण्यात बोटीचा पंखा फिरला की तळाची वाळू उसळते, गाळ प्रवाळावर बसतो आणि त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला उजेड मिळत नाही. प्रवाळाचं बरंचसं अन्न या शैवालाकडून येतं. त्यात अंगावरचं सनस्क्रीन पाण्यात मिसळतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेटसह चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडने २०२१ मध्ये सागरी उद्यानांत बंदी घातली.

१ जून २०१८ ला माया बे चार महिन्यांसाठी बंद झाला. एवढ्यात काही सावरणार नाही हे दिसल्यावर मुदत वाढत गेली. या काळात हजारो प्रवाळ लावले गेले आणि काळ्या टोकाच्या पंखांचे रीफ शार्क परतले.

१ जानेवारी २०२२ ला किनारा उघडला, तो नव्या मांडणीसह. एका तासाच्या फेरीत ३७५ माणसांची मर्यादा आली. बातम्यांत हाच आकडा गाजला, पण आमच्या मते खरा फरक बोटींची जागा बदलल्याने पडला. बोटी आता खाडीत शिरतच नाहीत. बेटाच्या मागच्या अंगाला लो सामा इथल्या तरंगत्या धक्क्याला लागतात आणि तिथून लाकडी पायवाटेने चालत किनाऱ्यावर यायचं. नुसती माणसं मोजून बोटी तिथेच लागू दिल्या असत्या, तर गाळ उसळतच राहिला असता.

पोहायला मनाई आहे, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. एवढ्या लांब येऊन पोहता येत नाही, ही तक्रार समजण्याजोगी आहे. पण शार्कची पिल्लं याच उथळ पाण्यात वाढतात आणि माणसांचा वावर वाढला की ती तिथून निघून जातात.

दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर किनारा बंद असतो. पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून महाराष्ट्रातून फुकेतला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत 'माया बे' लिहिलेलं असेल, तर ते लांबून बोटीतून दर्शन आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं.