मासेनाचा बुद्ध्यंक १०० कसा निघाला?

नेपोलियनचा बुद्ध्यंक १४५ होता, असा मेसेज परवा पुन्हा फिरत आला. नेपोलियन वारला १८२१ साली. बुद्धिमत्तेची पहिली उपयोगी चाचणी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी केली १९०५ साली. मग त्याची परीक्षा घेतली कोणी?

कॅथरीन कॉक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ साली, चरित्रांवरून. १४५० ते १८५० या काळातली ३०१ नामवंत माणसं त्यांनी निवडली आणि पोरगं वाचायला कधी शिकलं, पत्रं कशी लिहायचं, अशा नोंदींवरून अंक ठरवले. त्यात सेनानींचा गट सगळ्यांत खाली आला. म्हणजे सेनापतीला बुद्धी कमी लागते? अजिबात नाही. गोम मोजण्याच्या रीतीत आहे.

बालपणाची काहीच माहिती नसेल, तर अंक १०० धरायचा, म्हणजे सरासरी. हुशारीची एकेक नोंद सापडेल तसा तो वर चढवायचा. आता तत्त्वज्ञाच्या घरी वह्या, पत्रं, शिक्षकांचे शेरे जपलेले असतात. गरिबाघरच्या पोराचं कोण काय लिहून ठेवणार? लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे याला लहानपणासाठी १०५ मिळाले आणि तरुणपणासाठी १५०. मेंदू तोच होता, कागद वाढले! अंक बुद्धीचा नव्हताच, चरित्राच्या जाडीचा होता.

सगळ्यांत तळाला, बरोबर १०० वर, आंद्रे मासेना, नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सेनापती. नीसचा पोरका मुलगा. बालपणाची नोंद एवढीच, की तो जहाजावर पोऱ्या म्हणून गेला होता.

हाच मासेना सप्टेंबर १७९९मध्ये फ्रेंच फौज घेऊन स्वित्झर्लंडमधल्या झुरिकसमोर उभा होता. शहरात रशियन सेनापती कोर्साकोव्ह, आणि दक्षिणेकडून आल्प्स ओलांडत सुवोरोव्ह येतोय. रशियाच्या बाजूनं लढणाऱ्या ऑस्ट्रियाची मुख्य फौज नुकतीच उत्तरेला निघून गेलेली. दोघे रशियन एकत्र यायच्या आत मधल्या मोजक्या दिवसांत वार करायचा होता. त्यानं होड्या गाड्यांवर लादून लिम्मत नदीकाठी डिएटिकॉनला आणवल्या आणि २५ तारखेला पहाटे फौज पलीकडे उतरवली. अपुऱ्या बातम्यांवरून तीन फौजांची चाल एकाच वेळी डोक्यात धरणं, हीच वरच्या हुद्द्यावरची बुद्धी. ती पोरवयातल्या पत्रांत कुठून दिसणार?

आज बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगणारे हजारो रुपये उकळतात. कॉक्सबाईंनी निदान आपल्या पुराव्याचा कच्चेपणा मान्य केला होता आणि त्यासाठी आकड्यांत दुरुस्तीही केली होती. नेपोलियनचे १४५ हा तसाच दुरुस्त केलेला अंदाज आहे. या ठशांना तर कसलाच शास्त्रीय आधार नाही. कृपा करून पैसे घालवू नका.

२६ तारखेला झुरिक पडलं. सुवोरोव्ह डोंगरातून खाली उतरला, तेव्हा ज्या कोर्साकोव्हच्या मदतीला तो आला होता, त्याची फौज तिथे उरलीच नव्हती.