रेडिएटरच्या फॅनभोवतीचं श्राउड हवेला अडवतं का?

'अँबॅसिडर, पद्मिनीला मोठा इलेक्ट्रिक फॅन लावा, श्राउड काढून टाका, हवा मोकळी लागेल.' सल्ला जुना, आणि पटणाराही. श्राउड म्हणजे फॅनभोवतीचं, रेडिएटरला टेकलेलं कडं; ते दिसतंच झाकणासारखं.

पण हवा सोप्या वाटेनं येते. श्राउड नसेल तर फॅन बाजूच्या फटींतून इंजिनाचीच गरम हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे हवेविना राहतात. मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांपलीकडे असताना सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला एवढं पुरतं.

तपासायला गाडी उभी, फॅन चालू ठेवून रेडिएटरला पुढून कागद टेकवा. मध्ये चिकटतो, कोपऱ्यात गळतो? मग श्राउड हवंच. (हात पात्यांपासून लांब, हा फॅन इंजिन बंद असतानाही फिरू शकतो.)

हायवेवर समोरचा वाराच पुरतो. तिथेही काटा चढत असेल तर आधी रेडिएटर तुंबलाय का बघा.