टाकी किती वेळात रिकामी होईल?

इंदूरच्या बऱ्याच भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचा हिशेब घरोघरी चालतो. रामबागेतल्या एखाद्या गच्चीवर सरळ उभ्या भिंतींची, १ मीटर व्यासाची टाकी आहे आणि तळालगत साधारण ११ मिलिमीटरचे भोक पडले आहे, असे धरू. भोकाच्या वर पाणी १०० सेंटिमीटर. दहा मिनिटांनी काठी बुडवली, तर ओली खूण ८१ वर. आता टाकी कधी रिकामी होईल?

दहा मिनिटांत १९, तर १०० ला साधारण ५३ मिनिटे, हे त्रैराशिक लगेच सुचते. पण ते फसते, कारण पाणी उतरते तशी धारही मंदावते. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने १६४४ साली छापलेला नियम सांगतो, की धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची उ आणि मिनिटे व मानली तर:

उ बदलण्याचा दर = −क√उ

इथे क हा न बदलणारा आकडा आहे. या विकलक समीकरणातले, म्हणजे बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणातले, चल वेगळे करता येतात. √उ ने भागून उ चे सगळे डावीकडे, व चे उजवीकडे न्यायचे आणि दोन्हीकडे संकलन (इंटिग्रेशन) करायचे:

२√उ = −क × व + स

स हा स्थिरांक प्रारंभिक अटीतून मिळतो. व = ० असताना उ = १००, म्हणून स = २०. काठीची नोंद घातली, की १८ = २० − १०क, म्हणजे क = ०.२. त्यावरून √उ = १० − व/१०. टाकीला १०० मिनिटे लागतात! पन्नासाव्या मिनिटाला पाणी २५ सेंटिमीटरवर येते. उरलेल्या पाव टाकीलाही तेवढाच वेळ लागतो.

सर्वांत जास्त चुका स मध्ये होतात. तो संकलन करतानाच लिहायला हवा. आधी वर्ग करून शेवटी चिकटवला, तर उ = व²/१०० + १०० येते आणि गळकी टाकी भरू लागते.

दुसरा घोळ अधिक खोल आहे. बरोबर उत्तराचा वर्ग करून व = १२० घाला: उ = ४. रिकाम्या टाकीत पाणी कुठून आले? १०० मिनिटांनंतर १० − व/१० ऋण होते, वर्गमूळ मात्र ऋण असू शकत नाही. वर्ग करताना हे चिन्ह पुसले गेले. तिथून पुढे खरे उत्तर उ = ०. तेही याच समीकरणाचे उत्तर आहे, पण √उ ने भागताना शून्य वगळले गेले आणि ते हातचे निसटले. म्हणूनच दुपारी टाकी कोरडी दिसली, तर ती सकाळी संपली की रात्रीच, हे समीकरण सांगू शकत नाही. शून्यावर दिलेली अट एकच उत्तर ठरवत नाही.

प्रत्यक्ष मोजताना नोंदी पाणी वर असतानाच घ्याव्यात. पाणी भोकाशी आले की भोवरा होऊन हवा ओढली जाते आणि वर्गमुळाचा नियम लागू राहत नाही. पाणी भोकाऐवजी लांब पाइपातून खाली जात असेल, तर उंची पाइपाच्या खालच्या तोंडापासून धरावी लागते आणि घर्षणही हिशेबात घ्यावे लागते.