ऐंशीचा गळा, विशीचे कान

2023 च्या ऑक्टोबरमध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम 2005 चा, आणि गायक मिक जॅगरनं तोवर ऐंशी ओलांडलेली. चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणे, या वयात असा गळा म्हणजे कमाल आहे. दुसरा म्हणे, स्टुडिओत काय वाट्टेल ते जमवता येतं, पूर्वीची मजा नाही ती नाहीच. जुना बँड परतला की हे भांडण ठरलेलंच. गायकाचं वय सगळे मोजतात, ऐकणाऱ्याच्या वयाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी गळा पाहू. पुरुषाचे स्वरतंतू जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचे. आत स्नायू, त्यावर जेलीसारखा मऊ थर, वर पातळ आवरण. फुप्फुसातली हवा वर आली की दोन्ही कडा एकमेकींवर आपटतात. 440 हर्ट्झचा सूर लावला तर सेकंदाला 440 वेळा. रॉकमधल्या चढ्या ताना याच्याही वर जातात. वयाबरोबर आतला स्नायू रोडावतो, मऊ थरातलं पाणी धरून ठेवणारं हायल्युरॉनिक आम्ल कमी होतं, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचून थर ताठर होतो. मग कडा नीट मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि सूर लागता लागता फुसफुसतो. त्यात दमसासही आटतो: तिशीनंतर, पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणारी हवा दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरनं घटते. लांब ओळ एका दमात म्हणणाऱ्याला ती घट पन्नाशीनंतर चांगलीच जाणवते.

रॉक गायक जॉन बॉन जोवीचा एक स्वरतंतू रोडावला होता. 2022 मध्ये त्यानं शस्त्रक्रिया करून तिथं आधाराला रोपण बसवून घेतलं आणि 2024 मध्ये बँडचा ‘फॉरेव्हर’ हा अल्बम आला. बहुतेक गायक मात्र सोपा मार्ग धरतात, पट्टी उतरवतात. अर्धा स्वर खाली आलं की कंपनसंख्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते. ऐकणाऱ्याला फारसं कळत नाही, गळ्याला मात्र मोठा दिलासा मिळतो. कट्टर चाहते याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्रानं सूर सरळ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. शिवाय तारा सैल सोडल्या की गिटारला वजन येतं. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी यानं सतराव्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. पुढं त्यानं गिटार दीड स्वरानं खाली उतरवली, बोटांवरचा ताण हलका झाला, आणि 1971 च्या अल्बममधला तो जडशीळ आवाज हेवी मेटलची ओळख होऊन बसला. ही उतरलेली पट्टी कुणी कमीपणाची मानली नाही!

बोटांचं गणित गळ्यापेक्षा बरं. राल्फ क्रॅम्पे आणि अँडर्स एरिक्सन यांनी 1996 मध्ये तरुण आणि वयस्कर पियानोवादकांची तुलना केली. इतर कामांत वयस्कर व्यावसायिक वादकही मंदावले होते, पण ज्यांनी रियाज सोडला नव्हता त्यांचं वादनाशी संबंधित कौशल्य बरंचसं टिकून होतं.

कानांना मात्र रियाजाचा उपयोग नाही. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम पंधरा हजार केसपेशी, आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला 2016 मध्ये याच कानांपायी दौरा अर्धवट सोडावा लागला. 2020 च्या अल्बममध्ये तो परतला. आता मंचासमोर पहिल्या रांगेत तीस-चाळीस वर्षं काढलेल्या चाहत्याचं काय? त्याचेही उंच स्वर आधी जातात. ‘गिटारला पूर्वीची धार नाही’ ही तक्रार थोडी स्वतःच्या कानांकडेही वळवायला हवी. तो म्हणेल, मग जुना अल्बम अजूनही धारदार कसा लागतो? कारण तो त्याला पाठ आहे. जे कान टिपत नाहीत ते स्मरण भरून काढतं. नव्या गाण्याला ही सोय नाही.

आवडीचंही वय असतं. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी लोकांना ऐकवली, तेव्हा सरासरी साडेतेविसाव्या वर्षाच्या सुमारास गाजलेली गाणी सर्वांत जास्त आवडल्याचं दिसलं. त्याआधी 1968 मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. हजारदा ऐकलेल्या अल्बमशी दोनदा ऐकलेल्या अल्बमची झुंज लावली तर निकाल आधीच लागलेला असतो.

तरी तुलना करायचीच असेल, तर नवा अल्बम आधी आठ-दहा वेळा ऐकावा आणि मग दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. हल्लीचे अल्बम बहुधा जास्त मोठ्या आवाजात तयार केलेले असतात, आणि जरासं मोठ्यानं वाजणारं गाणं कानाला उगाचच सरस वाटतं.