सधन कम्यूटर टाऊन

महानगराच्या बाहेर, पण रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल इतक्या अंतरावर वसलेले आणि चांगल्या कमाईच्या कुटुंबांनी राहण्यासाठी निवडलेले छोटे शहर. येथल्या लोकांची कमाई महानगरात होते. घर, मुलांची शाळा आणि मतदान मात्र येथे असते. साध्या उपनगराहून ते वेगळे, कारण त्याची स्वतःची नगरपालिका, बाजारपेठ आणि बहुधा जुना गावठाणाचा गाभा असतो. न्यूयॉर्कजवळचे स्कार्सडेल आणि ग्रिनिच किंवा पॅरिसच्या पश्चिमेचे सँ-जर्मां-आं-ले ही याची ठळक उदाहरणे.

अशी गावे या रूपात रेल्वेमुळे घडली. सँ-जर्मांच्या दिशेने पॅरिसहून पहिली गाडी 1837 मध्ये धावली. शिकागोजवळचे रिव्हरसाइड 1869 मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यानरचनाकारांनी आखले. वळणदार रस्ते, भरपूर झाडी, प्रशस्त आवारातली घरे आणि शहरात नेणारी रेल्वे हा साचा पुढे जगभर उचलला गेला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने तर मार्गालगतच्या जमिनीवर घरे बांधून विकण्यासाठी 1919 मध्ये वेगळी कंपनीच काढली. घर घेणारा माणूस पुढे रोजचा प्रवासीही होणार, हा त्यामागचा हिशेब. तोक्योत देनेन-चोफू या वसाहतीचे भूखंड 1923 पासून विकले जाऊ लागले. तेथे स्टेशनापासून रस्ते पंख्यासारखे पसरत जातात.

स्टेशन हा या गावाचा खरा चौक. सकाळच्या गाडीचे नेहमीचे प्रवासी फलाटावर ठरलेल्या जागीच उभे राहतात, कारण डब्याचे दार कोठे येते आणि शहरात उतरल्यावर जिना कोणत्या डब्यासमोर पडतो, हे त्यांना पाठ असते. वर्षानुवर्षे शेजारी उभे राहूनही एकमेकांचे नाव ठाऊक नसते, पण रोजचा चेहरा आठवडाभर दिसला नाही तर चुकल्यासारखे वाटते. स्टेशनापर्यंत चालत जाता येते का, यावर घराची किंमत ठरते. जलद गाडीचा थांबा रद्द होण्याची नुसती कुणकुण लागली तरी गावात सभा भरतात.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये असे मांडले, की माणूस रोज प्रवासाला साधारण एक तास देतो आणि वाहने वेगवान झाली की वेळ वाचवण्याऐवजी आणखी लांब राहायला जातो. सधन गावातल्या अनेकांचा प्रवास या तासाच्या बराच पुढे जातो. आलोइस श्टुत्सर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील कुटुंबांची माहिती तपासून 2008 मध्ये दाखवले, की लांबच्या प्रवासाची भरपाई पगाराने किंवा चांगल्या घराने पुरती होत नाही; असे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. तरीही कुटुंबे येथे येतात ती मुलांसाठी. अमेरिकेत शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता कर भागवतो, त्यामुळे महागड्या घरांच्या गावाला चांगली शाळा परवडते आणि चांगल्या शाळेमुळे घरे आणखी महागतात.

दिवसा गाव वेगळेच असते. नवरा-बायकोपैकी ज्याचा पगार जास्त, तो शहरातली नोकरी टिकवतो. दुसऱ्याला शाळेच्या वेळा सांभाळून जवळपास मिळेल ते काम धरावे लागते आणि हे वाट्याला येते बहुतेक वेळा बाईच्याच. शांतता सगळ्यांना हवी असते, पण तिची किंमत घरातली एक व्यक्ती मोजते, हे स्पष्ट सांगायला हवे. गाडी चालवण्याचे वय न झालेली मुले आई-वडिलांच्या सवडीवर अवलंबून असतात. मुले घराबाहेर पडल्यावर म्हाताऱ्यांना लहान घर हवे असते, तेही ओळखीच्या माणसांत. पण अशा अनेक गावांत फ्लॅट बांधायला परवानगीच नसते.

ही परवानगी नाकारण्याचा पाया अमेरिकेत ओहायोतील युक्लिड गावाच्या 1926 च्या खटल्याने पक्का केला. निवासी भागात केवळ स्वतंत्र घरे ठेवण्याचा गावाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. तेथे राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने ती उपमा क्रूर आहे. गावातल्या शिक्षिका, परिचारिका, दुकानातले कामगार आणि वृद्धांची काळजी घेणारे यांना तेथे राहणे परवडत नाही, म्हणून ते उलट दिशेने येतात. वेळापत्रक शहराच्या गर्दीसाठी आखलेले असल्याने सकाळी या दिशेला गाड्या कमी आणि संध्याकाळी परतीचे हाल. न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये माउंट लॉरेल खटल्यात वाढत्या गावांना कमी उत्पन्नाच्या घरांचा आपला वाटा उचलायला लावले.

2020 नंतर घरून काम करण्याची सोय रुळली आणि ही गावे दिवसाही थोडी जागी झाली. इंग्लंडमध्ये जून 2021 पासून 28 दिवसांतले कोणतेही 8 दिवस चालणारा रेल्वेचा पास मिळू लागला. पण रोज जावे न लागल्याने लोक आणखी दूरची गावे बघू लागले आणि घरांचा प्रश्न सुटला नाही. मॅसॅच्युसेट्सने 2021 मध्ये बॉस्टनच्या रेल्वेसेवेतील गावांना अनेक कुटुंबांच्या इमारतींना परवानगी असलेला भाग ठरवून देणे बंधनकारक केले. मिल्टन गावाच्या मतदारांनी फेब्रुवारी 2024 मध्ये त्यासाठीचा आराखडा फेटाळला. जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र त्याची नियमावली नव्याने करायला सांगितली.