कॉलेजसाठी पहिला लॅपटॉप घेताना : पालक व विद्यार्थी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बारावीचा निकाल लागला की आमच्या काउंटरवर लॅपटॉपची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "पंचेचाळीस हजारांत सगळ्यात चांगला कोणता?" मुलगा किंवा मुलगी काय शिकणार हे कळल्याशिवाय या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. अभियांत्रिकीच्या बाबतीत तर कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या संपेपर्यंत शाखाही निश्चित नसते. पहिल्या फेरीत मिळालेले मेकॅनिकल पुढच्या फेरीत कॉम्प्युटर होऊ शकते. म्हणून आमची पहिली सूचना आमच्याच विक्रीच्या विरुद्ध जाणारी आहे : प्रवेश पक्का होऊन शाखा हाती येईपर्यंत खरेदी करू नये.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला टॅली, एक्सेल आणि प्रोजेक्टचे टंकलेखन एवढेच काम असते, आणि ते कोणत्याही साध्या, नव्या लॅपटॉपवर सुरळीत होते. बीसीए किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याला जावा, पायथन यांबरोबर पुढे अँड्रॉइडचा एम्युलेटर (लॅपटॉपवरच फोनसारखे चालणारा प्रोग्रॅम) चालवावा लागतो, त्यामुळे त्याने रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती मेमरी, जास्त घ्यावी. मेकॅनिकल व सिव्हिलच्या पहिल्या वर्षाचे ऑटोकॅडमधील द्विमितीय आरेखन वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही होते. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरची गरज नंतरच्या वर्षांत लागते. वेगळे ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवसापासून वसूल होते ते मुख्यतः आर्किटेक्चर आणि ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांचे. बाकीच्यांनी "अभ्यासासाठी" म्हणून गेमिंग लॅपटॉप मागितला, तर तो आणि त्याचा जाडजूड अडॅप्टर मिळून सुमारे तीन किलोचे ओझे रोज एसटीतून किंवा लोकलमधून न्यावे लागेल, हे पालकांनी लक्षात घ्यावे. टॅली आणि सॉलिडवर्क्स हे विंडोजचे प्रोग्रॅम आहेत. त्यामुळे क्रोमबुक किंवा मॅकबुक कितीही आवडले तरी आधी कॉलेजमध्ये विचारून घ्यावे.

पैसे कशावर खर्चावेत

बजेट मर्यादित असेल तर आम्ही एकच नियम सांगतो : जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे घालावेत आणि जे नंतर वाढवता येते ते पुढे ढकलावे. प्रोसेसर, पडदा आणि कीबोर्डची ठेवण ज्या दिवशी घेतली तशीच शेवटपर्यंत राहते. एसएसडी (फाइली साठवण्याची जागा) मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये वर्ष-दोन वर्षांनी मोठी बसवता येते. रॅमचे मात्र दोन प्रकार आहेत आणि फसगत होते ती इथेच. काही लॅपटॉपमध्ये रॅम स्लॉटमध्ये बसवलेली असते, तर काहींत ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची चिकटवलेली असते आणि मग आठ जीबीची सोळा कधीच होत नाही. स्लॉट रिकामा असलेला आठ जीबीचा लॅपटॉप घेऊन पुढच्या वर्षी दुसरी आठ जीबीची पट्टी घालणे शक्य आहे, आणि दोन पट्ट्या एकत्र चालू लागल्या की प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सचा वेगही वाढतो. सोल्डर केलेली रॅम असेल तर मात्र सुरुवातीलाच सोळा जीबी घ्यावी. चार जीबीचा लॅपटॉप आम्ही कॉलेजसाठी सुचवत नाही. विंडोज 11 त्यावर चालते असे कागदोपत्री खरे असले, तरी ब्राउझरची चार पाने उघडली की तो धापा टाकू लागतो.

प्रोसेसरच्या नावातील "5" किंवा "7" पाहून निर्णय घेऊ नये. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरची रायझन 5 7520यू आणि रायझन 5 7530यू ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. फरक एका आकड्याचा दिसतो, पण पहिल्यात चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत आणि त्याची मूळ रचना 2019 सालची झेन 2 आहे, तर दुसऱ्यात सहा कोअर असून रचना त्यानंतरची झेन 3 आहे. या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचना कोणती ते सांगतो, आणि जाहिरातीत ठळक छापलेला पहिला आकडा केवळ मॉडेलचे वर्ष दाखवतो. शिवाय 7520यू बरोबर येणारी रॅम नेहमी सोल्डर केलेलीच असते. इंटेलच्या आय5-1235यू सारख्या नावात "12" हे पिढीचे आणि "यू" हे कमी वीज वापरणाऱ्या प्रकाराचे चिन्ह आहे. "एच" असेल तर वेग जास्त आणि बॅटरीही लवकर उतरते. नावात सेलेरॉन असेल किंवा साठवणुकीच्या रकान्यात "ईएमएमसी" (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त साठवण) लिहिले असेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तो घेऊ नये.

पडद्याची परीक्षा दुकानातच होते. लॅपटॉप समोर ठेवून थोडे बाजूला सरकून पाहावे. रंग फिके पडले किंवा उलटे दिसू लागले तर तो जुन्या टीएन प्रकारचा पडदा आहे. शक्यतो आयपीएस पडदा घ्यावा.

बॅटरीबाबत "दिवसभर चालते" या वाक्यापेक्षा वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचा, आकडा उपयोगी पडतो. साधा लॅपटॉप लिहिण्या-वाचण्याच्या कामाला साधारण सात-आठ वॉट घेतो, म्हणजे 42 वॉट-अवरची नवी बॅटरी पाच-सहा तास पुरते. व्हिडिओ लेक्चर आणि पूर्ण उजेडात ती त्याहून कमी टिकते.

एक तक्रार दरवर्षी येते, म्हणून तिचे उत्तर इथेच देतो. 512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे 476 जीबीच दिसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे; आम्ही काही काढून घेतलेले नसते.

वापरलेला लॅपटॉप

कंपन्यांनी बदलून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक निम्म्या बजेटमध्ये मिळतात आणि त्यांची बांधणी मजबूत असते, म्हणून आम्ही तो पर्याय नाकारत नाही. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच घ्यावा. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट (सुरक्षेची अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि सहाव्या-सातव्या पिढीचे जवळजवळ सर्वच प्रोसेसर विंडोज 11 साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. यंत्रावर जुन्या कंपनीचे सॉफ्टवेअर-कुलूप किंवा बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड शिल्लक नाही ना, हे आपल्यासमोर तपासून घ्यावे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दाखवणारा अहवाल विंडोजमधूनच निघतो. तो विक्रेत्याकडून मागावा.

सोबतचे खर्च

लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळत असेल तर ते कायमचे आहे की काही महिन्यांचे, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. ते नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे. ऑटोकॅड पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर विनामूल्य मिळते. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस सामान्य वापराला पुरतो, आणि मराठीचा फोनेटिक कळफलकही विंडोजमध्येच आहे; या दोन्हींसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. "सगळे सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो" असे सांगणाऱ्याकडून पायरेटेड प्रती घेऊ नयेत. आमच्याकडे व्हायरसने बंद पडून येणारे लॅपटॉप बऱ्याचदा अशाच प्रतींमुळे येतात.

बिलाशिवाय स्वस्तात द्या, अशी विनंती कृपया करू नये. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि वॉरंटीसाठी बिल मागितले जाते. बिलावरचा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल नंबर एकच आहे हे पैसे देण्यापूर्वी जुळवून पाहावे. पडल्याने फुटलेला पडदा किंवा चहा सांडून गेलेला कीबोर्ड साध्या वॉरंटीत बसत नाही. अडॅप्टरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा की खोटा हे कळते.

होस्टेलला जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. खोलीत दोन पिनांचाच सॉकेट आहे म्हणून अडॅप्टरची तिसरी पिन तोडू नये किंवा दोन पिनांची वायर जोडू नये. अर्थिंग नसले की धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात ठेवताच झिणझिण्या येतात आणि विद्यार्थी यंत्र बिघडले असे समजून ते दुकानात घेऊन येतात. आमच्या अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावताच त्या थांबतात. अशा वेळी यंत्र आणण्याआधी होस्टेलच्या वॉर्डनना सांगून खोलीतील अर्थिंग तपासून घ्यावे.