डिस्क कंट्रोलर: कार्डापासून एसएसडीपर्यंतचा प्रवास

घरी जुळवलेला पीसी मध्येच गोठतो. माऊस हलतो पण काहीच उघडत नाही, डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरू होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद सापडते ती ११ क्रमांकाची, ‘कंट्रोलर एरर’. ती वाचून कितीतरी जण संगणकाच्या सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठतात आणि नवी डिस्क घेऊन येतात. चांगली डिस्क अशी बाजूला पडलेली पाहिली की मला हळहळ वाटते. त्या नोंदीतला ‘कंट्रोलर’, म्हणजे पीसी आणि डिस्कमधली डेटाची ये-जा सांभाळणारं सर्किट, गेल्या चाळीस वर्षांत बऱ्याचदा जागा बदलत आला आहे, आणि तो कुठे बसलाय हे कळल्याशिवाय बिघाड शोधता येत नाही.

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी-एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला, तेव्हा कंट्रोलर हे एक वेगळं, लांबलचक कार्ड होतं. त्यातून डिस्ककडे दोन केबल जायच्या, एक ३४ तारांची, दुसरी २० तारांची. डिस्कमध्ये मोटर, हेड आणि ती हलवण्यापुरतं सर्किट. बिट कसे लिहायचे आणि कसे वाचायचे हे कार्ड ठरवायचं. त्यामुळे एका कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्यावर वाचली जाईलच याची खात्री नसायची. कार्ड बदललं की डॉसच्या डिबग या प्रोग्राममध्ये ‘जी=सी८००:५’ टाइप करून लो-लेव्हल फॉरमॅट करावं लागे, म्हणजे डिस्क पहिल्यापासून आखावी लागे. त्या काळी कंट्रोलर बिघडला म्हणजे खरोखरच ते कार्ड बिघडलं. काढा, कडेचे सोनेरी पट्टे खोडरबरने पुसा, पुन्हा घट्ट बसवा. आपल्या दमट हवेत हा उपाय अनेकदा लागूही पडायचा.

१९८६ च्या सुमारास आयडीई ही डिस्क जोडण्याची नवी पद्धत आली आणि कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवरच्या सर्किट बोर्डावर जाऊन बसला. पीसीकडे उरली ४० तारांची चपटी केबल आणि तिच्यावरच्या दोन डिस्कांपैकी मास्टर कोण, स्लेव्ह कोण हे ठरवणारे जंपर. मोठ्या डिस्क आल्यावर बायॉसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) १०२४ सिलिंडरची, म्हणजे डिस्कवरच्या गोल पट्ट्यांची, आणि आयडीईची १६ हेडची मर्यादा यांच्या कात्रीत सापडून क्षमता ५०४ एमबीवर अडली. पण त्याहून गंभीर प्रकरण होतं आयडीई डिस्क पीसीला जोडणाऱ्या सीएमडी६४० या चिपचं. तिच्या दोन्ही चॅनलवर एकाच वेळी काम सुरू झालं की डेटा बिघडायचा, तोही कुठलीही एरर न दाखवता. फाइल कॉपी झालेली दिसे, आतला मजकूर मात्र खराब. लिनक्सच्या कर्नलमध्ये या चिपसाठी खास तोड घालावी लागली.

अल्ट्रा डीएमए या वेगवान आयडीईपासून डेटासोबत सीआरसी तपासणी आली. वाटेत बिट बिघडला की ते लक्षात येतं आणि डेटा पुन्हा पाठवला जातो. वेग सेकंदाला ६६ एमबीवर गेल्यावर केबल ८० तारांची झाली. पिना त्याच ४०, जास्तीच्या तारा नुसत्या ग्राउंडच्या. विंडोज एक्सपीत अशा सहा चुका साठल्या की ड्रायव्हर वेगाची एकेक पायरी उतरत शेवटी पीआयओ या सर्वांत संथ पद्धतीवर यायचा. डिस्क ‘म्हातारी झाली’ असं लोक म्हणायचे, आणि दोष असायचा केबलचा.

२००३ मध्ये साटा ही नवी जोडणी आली, २००४ मध्ये साटा कंट्रोलरशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत. आता चिपसेटमधला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधला, कंट्रोलरही महत्त्वाचा झाला. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता, म्हणून बायॉसमध्ये ती एक सेटिंग बदलली की निळा स्क्रीन आणि ७बी हा एरर क्रमांक. खुद्द कंट्रोलरच दोषी ठरला तो ३१ जानेवारी २०११ ला. इंटेलने आपल्या ६-सिरीज चिपसेटमधला दोष जाहीर केला. ३ गिगाबिटचे चार पोर्ट काळाच्या ओघात क्षीण होणार होते, ६ गिगाबिटचे दोन मात्र ठीक होते. त्याच वर्षी एसएसडीसाठीच्या एनव्हीएमई या पद्धतीचं पहिलं मानक आलं आणि पुढे कंट्रोलर पुन्हा डिस्कवर, थेट एम.२ एसएसडीच्या छोट्या पट्टीवर गेला. तिथे केबल नाही, पण मे महिन्याच्या उकाड्यात बंद कॅबिनेटमधली उष्णता आहे.

गेल्या जुलैत परळला मामांच्या पीसीत साटा डिस्क रात्री गायब व्हायची आणि रीस्टार्टनंतर परत दिसायची. स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, तपासलं. ५ आणि १९७ क्रमांकांवर शून्य, म्हणजे पृष्ठभाग ठणठणीत. १९९ वर, म्हणजे सीआरसी चुकांवर, आकडा २१२ आणि रोज वाढता. डेटा केबल कॅबिनेटच्या झाकणाने काटकोनात दाबली गेली होती. ती बदलल्यावर आकडा थांबला, पण डिस्क दोन दिवसांनी पुन्हा गायब झाली. मग पॉवरची बाजू उलगडली. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, चार पिनांच्या जुन्या प्लगवरून साटाचा जोड घेतला होता आणि त्याचं पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालं होतं. हाताने हलवलं तर पीन आत सरकत होती. मी तो जोड काढून एसएमपीएसची स्वतःची साटा वायर लावली.

मामा अजूनही महिन्यातून एकदा फोन करून १९९ चा आकडा वाचून दाखवतात. हा आकडा कधी कमी होत नाही. तो २१२ वरच आहे.